आणि एक

४ फेब्रुवारी

दादा,

चार वर्षांनी लिहितोय, म्हणजे आधी खुशाली विचारायला हवी. विचारत नाही. तू कसा आहेस ते वर्तमानपत्रात छापून येतं.

तुझं पाकीट काल मिळालं. जाड कागद, सोनेरी कडा, वर तुझ्या त्या भोजनगृहाच्या जुन्या दाराचं चित्र. सव्वाशे वर्षं पूर्ण झाल्याबद्दल खास मेजवानी, जुन्या हॉलमधली शेवटची, त्यानंतर हॉल पाडून नवा बांधणार. सगळं दोनदा वाचलं. दिवसभर गोदामात औषधांच्या पेट्यांवरची लेबलं तपासतो, त्यामुळे कुठलाही कागद एकदा वाचून माझं भागत नाही. चूक एकही सापडली नाही. फक्त आतल्या चिठ्ठीवर माझं नाव आहे, खुर्ची नंबर चौदा, आणि त्याच्याखाली लिहिलंय 'आणि एक'. खुर्ची नंबर पंधरा.

'आणि एक' म्हणजे कोण रे?

त्या 'आणि एक'ने तुझ्या त्या भटारखान्यात सव्वीस वर्षं काढली. ज्या रश्श्यासाठी लोक महिनाभर आधी टेबल सांगून ठेवतात, तो अकरा तास उभं राहून तिने आटवला. तिच्या शेजारी उभा राहून तू कांदा कापायला शिकलास, आच ओळखायला शिकलास. आणि मुलाखतीत काय सांगितलंस? 'स्वयंपाक मला म्हाताऱ्या मालकांनी शिकवला.' म्हाताऱ्या मालकांना चहासुद्धा गाळता येत नव्हता. ते गेले, आता त्यांना कशाला नावं ठेवू. पण तू जिवंत आहेस, तुला ठेवतो.

आईचा हात भाजला आणि तिचं काम सुटलं, त्या वर्षी तू स्वयंपाकाच्या कॉलेजात होतास आणि मी नववीत. दोघांपैकी एकाने कामाला लागायचं होतं. कोण लागलं ते तुला माहीत आहे.

आम्ही येणार नाही. कार्ड सोबत परत जोडलं आहे.

धाकटा


११ फेब्रुवारी

दादा,

मागच्या पत्रात 'कार्ड सोबत जोडलं आहे' असं लिहिलं आणि पाकिटात कार्ड नव्हतं. असल्या चुका मी करत नाही. पाकीट चिकटवायच्या आधी हात धुवायला गेलो, तेवढ्यात आईने कार्ड काढून घेतलं. पाच दिवस ते तिच्या उशीखाली होतं. सहाव्या दिवशी चादर बदलताना मला सापडलं.

"हे काय?" मी विचारलं.

"कार्ड आहे. तू नाही म्हणून कळवलंस ना त्याला?"

"हो."

"मला न विचारता? ते काय तुझ्या एकट्याचं जेवण होतं?"

मी तिला दाखवलं. म्हटलं, बघ, माझं नाव आहे, तुझं नावसुद्धा घातलेलं नाही. 'आणि एक' म्हणतोय तुला, तुझा थोरला.

"खुर्च्या किती आहेत?"

"दोन."

"मग एक तू, एक मी. एवढं गणित मला येतं. तू नववीपर्यंत शिकलास, तुला येत नाही का?"

मग तिने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. तुला असेल. सव्वीस वर्षांत तिने तो हॉल आतून एकदाही पाहिला नाही. भटारखान्यातल्या माणसांनी हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही, येणं-जाणं मागच्या दाराने, ही तिथली शिस्त. तिला दिसायची ती भिंतीतली वाढपाची खिडकी. त्यातून ताटं जायची, ताटं यायची आणि वेटरांची कोपरं दिसायची. कोण जेवतंय, कसं जेवतंय, हे ती परत आलेल्या ताटांवरून ओळखायची.

"एकदा बसायचंय तिथे," ती म्हणाली. "मला कुणीतरी आणून वाढावं, अजून घ्या म्हणावं, आणि मी म्हणावं, नको, पुरे. एवढंच. हॉल पाडल्यावर कुठे जाऊन म्हणू?"

म्हणून येतोय. तिच्यासाठी. तुझ्यासाठी नाही, आणि तुझ्या त्या सव्वाशे वर्षांसाठी तर नाहीच नाही.

माझ्या अटी आहेत. ती पुढच्या दाराने आत येईल. शेवटचं ताट उचलेपर्यंत पंधरा नंबरच्या खुर्चीवरून तिला कुणी उठवायचं नाही. आणि तू तिला भटारखान्यात बोलावायचं नाहीस. दाखवायला नाही, कौतुकाला नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा नाही. भांडं दिसलं की तिचं काय होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तोंडी निरोप पाठवू नकोस. तुझ्या तोंडावर माझा विश्वास नाही. लिहून कळव.

धाकटा


२० फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. भाजीच्या यादीमागे एकच शब्द: 'कबूल'. चार वर्षांनी सख्ख्या भावाला एक शब्द, आणि तोही गाजर-कोबीच्या पाठीवर. ठीक आहे. कागद जपून ठेवला आहे.

आईने ठेवणीतले कपडे काढले. कंबरेला घट्ट झाले होते, शिंप्याकडून सैल करून आणले. नवे बूट घेतले, ते चावतात, म्हणून रोज संध्याकाळी तासभर घरातल्या घरात घालून फिरते. खालच्या मजल्यावरची बाई विचारून गेली, वर कुणी पोलीस राहायला आलाय का.

मी वाचनालयातून टेबलावर कसं जेवायचं त्याचं पुस्तक आणलं. काटे बाहेरच्या बाजूचे आधी उचलायचे, रुमाल मांडीवर, कोपर टेबलावर नाही. आईला शिकवायला बसलो. ती म्हणाली, "यात जेवायचं कधी? हे तर शिवणकाम आहे." मग मलाच म्हणाली, "तू कशाला पानं पाठ करतोस? परीक्षा आहे का?"

मला भीती वाटते, हे तुला सांगायची गरज नव्हती. लिहून गेलो. शाई आहे, खोडत नाही.

तिने मला एकच विचारलं. खुर्चीला पाठ टेकवून बसलं तर चालेल का? मी म्हटलं, चालेल. तिला आणखी काही विचारावं लागेल अशी वेळ आणू नकोस.

धाकटा


२ मार्च

दादा,

'कबूल' लिहिलेला कागद या पत्रासोबत जोडला आहे. या वेळी पाकिटात तो नक्की आहे, दोनदा पाहिलं. तो घे आणि त्याने चूल पेटव.

आम्ही साडेसहाला पोहोचलो. दारात गर्दी होती, थोडा गोंधळ झाला आणि आई मागच्या बाजूने आत गेली. मला वाटलं, भटारखान्यातून दोन मिनिटांत हॉलमध्ये येईल. मी चौदा नंबरवर जाऊन बसलो.

ती आली नाही. पहिलं ताट आलं, तिच्या जागेवरही ठेवलं गेलं, तसंच परत गेलं. दुसऱ्या वेळी वेटरने मला वाकून विचारलं, "आपल्याबरोबरचे येणार आहेत ना?" मी म्हटलं, येतीलच. तिसऱ्या वेळी त्याने तिच्यापुढचे काटे-चमचे उचलून नेले. पलीकडे हिरव्या कपड्यांतली एक बाई बसली होती. तिने आपली पर्स आईच्या खुर्चीवर ठेवली. नंतर शाल ठेवली. त्या शेवटच्या मेजवानीला पंधरा नंबरवर कोण बसलं होतं, असं पुढे कुणी विचारलं तर सांग, पर्स आणि शाल.

चौथं ताट रश्श्याचं. पहिला घास घेतला आणि मला समजलं. तिचं काम सुटल्यापासून नऊ वर्षांत तशी चव घरातसुद्धा झाली नव्हती, कारण घरी अकरा तास गॅस जाळणं आम्हाला परवडत नाही. तो तिचा हात होता. म्हणजे मी खुर्चीवर बसलो होतो आणि ती भिंतीपलीकडे उभी होती, ज्याची मूठ अजून पूर्ण मिटत नाही त्या भाजलेल्या डाव्या हाताने भांड्याचा कान धरून.

हिरव्या कपड्यांतली बाई म्हणाली, "अप्रतिम! याला म्हणतात परंपरा."

मग तू बाहेर आलास. पांढरी टोपी, छातीवर हात. लोक उभे राहिले. तू म्हणालास, "ही चव म्हाताऱ्या मालकांची, मी फक्त सांभाळली." टाळ्या. दादा, तू हे म्हणत होतास तेव्हा खिडकी तुझ्या पाठीमागे होती आणि उघडी होती. तिने ऐकलं.

जेवण आटोपल्यावर मी मागच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. ती आली. ठेवणीतल्या कपड्यांच्या बाहीवर रश्श्याचा डाग, केसांना कांद्याचा वास, बूट हातात.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्याने चमचा पुढे केला. मी चाखलं."

"मग?"

"मग काय? चाखलं ना मी."

तुला हे कळेल, दुसऱ्याला समजावून सांगावं लागेल. एका भांड्याला एकच जीभ. तिच्या काळातला भटारखान्याचा नियम. ज्याने भांडं चाखलं, ते भांडं रिकामं होईपर्यंत त्याचं. मीठ त्याने बघायचं, पाणी त्याने बघायचं, मध्येच सोडून जायचं नाही, कारण दोन जिभा लागल्या की मीठ दोनदा पडतं. हा नियम तिने तुला शिकवला, मलाही शिकवला. घरी डाळीची चव बघितली की ती डाळ उतरेपर्यंत आपली, पतंग उडवायला जायचं नाही. आणि तू, हे सगळं माहीत असून, एवढा मोठा मुख्य आचारी, तू चमचा भरून आईच्या तोंडापुढे धरलास.

ती दिवसभरात काय जेवली माहीत आहे? भांडं रिकामं झाल्यावर पावाच्या कडेने तळ पुसून खाल्ला. उभ्याने.

आई रागावलेली नाही. ती कधीच रागावत नाही. ते काम तिने माझ्यावर टाकलंय, आणि मी ते नीट करणार आहे. मला उत्तर नको.

धाकटा


९ मार्च

दादा,

उत्तर नको म्हटलं तर तू चार पानं लिहिलीस. आयुष्यात पहिल्यांदा. 'कबूल' लिहिलंस तेव्हा ही पानं कुठे होती?

तू म्हणतोस, तो नियम तू तीन वर्षांपूर्वीच बंद केलास. आता तुझ्याकडे सगळे सगळी भांडी चाखतात, चमचा बदलून, आणि मीठ कागदावर लिहिलेलं असतं. म्हणून चमचा पुढे करताना तुझ्या मनात काही नव्हतं. आईने एकदा 'छान झालाय' म्हणावं, एवढंच तुला हवं होतं. हे मी मानतो. तिच्या 'छान'साठी आपण दोघांनी काय काय केलं ते मला आठवतं.

ती 'छान' म्हणाली नाही. 'पाणी सुटलंय' म्हणाली, खुंटीवरचा ॲप्रन घेतला आणि भांड्यापाशी उभी राहिली. इथपर्यंतही मी तुला सोडून देईन.

पण तिसऱ्या पानावर तू लिहिलंस, पाऊण तासाने तुझ्या लक्षात आलं की ती जुना नियम पाळतेय. ताटं जायची होती एकशे चाळीस. तू रस्सा चाखलास. तू मुख्य आचारी झाल्यापासून तो एवढा चांगला कधीच झाला नव्हता. आणि तू काही बोलला नाहीस.

चार पानांत हे एकच वाक्य खरं आहे, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो. 'आई, तो नियम आता नाही, जाऊन बस.' सात शब्द. मी मोजले. ती एका क्षणात पळी ठेवून निघाली असती. नियम नाही म्हटल्यावर ती एक मिनिट थांबली नसती, तशी ती आहेच. ती एका नियमासाठी उभी राहिली, जो उरलाच नव्हता, आणि हे त्या भटारखान्यात तिच्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं. भांडी घासणाऱ्यालासुद्धा. तुम्ही सगळ्यांनी मिळून तिला उभं केलंत.

आता वर म्हणतोस, नवा हॉल झाला की आईने आठवड्यातून दोन दिवस यावं, रश्श्यावर नजर ठेवावी, कार्डावर तिचं नाव छापू. वा! सव्वीस वर्षं कुणी छापलं नाही, आता रस्सा बिघडला तेव्हा तू छापतोस.

शेवटी विचारतोस, 'तू तिच्याबरोबर होतास ना? मग ती मागच्या दाराने कशी आली?' दारात गर्दी होती. हे मी आधीच्या पत्रात लिहिलं आहे. विषय बदलू नकोस.

तुझं पत्र तिला अजून वाचून दाखवलेलं नाही. दाखवेन.

धाकटा


१५ मार्च

दादा,

दारात गर्दी नव्हती. आमच्या पुढे दोनच माणसं होती.

ती दोघं आत गेली आणि मिशीवाल्या दरवानाने आईला पाहिलं. त्याला केवढा आनंद झाला. "अरे वा, बाई! तुम्ही? हात बरा झाला का? आज तर गरज आहेच तुमची, आत सगळ्यांची त्रेधा उडालीय. जा, मागून जा, इथे पाहुणे यायचेत." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. सव्वीस वर्षं त्याने तिला मागच्या दाराने येताना पाहिलंय, ती पाहुणी असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

आईने माझ्याकडे बघितलं.

कार्ड माझ्या हातात होतं. दोन खुर्च्या, दोन नंबर, ठळक अक्षरांत. 'या पाहुण्या आहेत' एवढं म्हणायचं होतं. तुझे शब्द मोजले, हे तीनच आहेत. मी मान खाली घातली आणि कार्ड वाचायला लागलो. पाठ होतं मला ते. तरी वाचत राहिलो. मला वाटलं, हा मलाही विचारेल, गोदामातला माणूस इथे कसा, कार्ड कुणाचं उचललंस. वाटलं, वाद झाला तर दोघांनाही परत पाठवतील. आणि वाटलं, ती काय, आतून येईलच. आणखीही काहीतरी वाटलं असेल, ते शोधायची माझी हिंमत नाही.

ती थांबली होती. बराच वेळ थांबली, मग मागे गेली.

आणि मी जेवलो. ते मागच्या पत्रांत कुठेच लिहिलं नाही. सातही ताटं संपवली. रस्सा तिचा आहे हे कळल्यावर उठून आत जायला हवं होतं. मी पाव बुडवून वाटी पुसून खाल्ली. त्या बाईने पर्स ठेवताना मला विचारलं होतं, "ठेवू का?" मी म्हटलं, "असू द्या."

हे सगळं तुला सांगायची माझी इच्छा नव्हती. काल आईला तुझी चार पानं वाचून दाखवली. ती मटार सोलत होती. तुझ्या शेवटच्या प्रश्नापाशी तिने हात थांबवला.

"पुन्हा वाच."

वाचलं.

"मग तू काय लिहिलंस त्याला?"

"गर्दी होती म्हणून."

"गर्दी," ती म्हणाली. एक शेंग सोलून झाली. "मला वाटलं होतं, तू काहीतरी म्हणशील. तो नाही बोलणार हे ठाऊक होतं, पहिल्यापासून तसाच आहे. पण तुझ्याकडे कागद होता."

तिने मटार बाजूला सरकवले, हात पुसले आणि म्हणाली, कागद घे, मी सांगते तसं लिही. पुढचं सगळं तिचं आहे. मी एक अक्षर बदललेलं नाही.

'थोरल्या, हात याचा आहे, बोलतेय मी. याने तुला कळवलं की मी रागावलेली नाही. मला न विचारता कळवलं. मी दोघांवर रागावले आहे. ॲप्रन मला कुणी दिला नाही, तो मीच घेतला, तेवढी चूक माझी. पण तू बघून न बघितल्यासारखं केलंस आणि याने ऐकून न ऐकल्यासारखं. लहानपणी एकमेकांच्या खोड्या सांगत यायचात, आता पत्रांतून एकमेकांकडे बोट दाखवता. मला कशाला मध्ये घेता? कामाला मी येणार नाही. दोन दिवस नाही, दोन तास नाही. रस्सा पातळ होत असेल तर होऊ दे, लोक खातील. नाव छापू नकोस, एवढी वर्षं त्यावाचून माझं काही अडलं नाही. नवा हॉल उघडेल तेव्हा एका माणसाची जागा ठेव. मी एकटी येईन, पुढच्या दाराने. दरवानाशी काय बोलायचं ते माझं मी बघेन, मला तोंड आहे. तू टोपी घालून बाहेर यायचं नाहीस. माझ्या टेबलाशी येऊन आई म्हणायचं नाहीस. मला जेवू दे.'

"आणि मी?" मी विचारलं.

"तू घरी थांब. लिही ते पण."

लिहिलं. तिने कागद मागून घेतला, अक्षरांवरून बोट फिरवत सावकाश सगळं वाचलं. मग माझ्या हातातलं पेन घेतलं आणि 'दोघांवर' या शब्दाखाली रेघ ओढली. इतकी दाबून की मागच्या बाजूने कागद फाटलाय. बघशील.

धाकटा